तिच्या वाटचं अक्रा

आमच्यासारख्यांना अमेरिकेत सुट्टी मिळते ती भारतात जाण्यासाठी. असं कुठे लिहिलेलं नाही, पण ते मोडायची कुणाची हिंमत होत नाही. वर्षभर रजा साठवायची, अंगात ताप असला तरी ऑफिसला जायचं, आणि साठलेली सगळी रजा एकदम नागपूरला नेऊन रिकामी करायची. सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमधलं कुणी हवाईला जाऊन आलं, की बाकीचे तोंडावर "वा, मजा आहे" म्हणायचे आणि पाठ फिरली की "आईवडिलांना भेटून किती वर्षं झाली ते विचारा जरा" म्हणायचे. म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. त्यामुळे ग्रीनकार्ड हातात पडल्यावर पहिल्याच मोठ्या सुट्टीत मी आणि नवरा अक्राला निघालो आणि लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा मला बोलायला तोंडच नव्हतं.

अक्रा म्हणजे घानाची राजधानी, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं भलंमोठं शहर. आईला फोनवर सांगितलं, तर तिने आधी अक्रा कुठे आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "तिकडे आपलं कोण आहे?"

"कुणी नाही गं. नुसतं फिरायला."

"बरं. तेवढ्याच दिवसांत इकडे येऊन गेली असतीस."

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण ती रागाने म्हणाली नव्हती. फोन ठेवल्यावर मी उगीचच नवऱ्यावर खेकसले.

तिथे आपलं कुणी नाही, हे तसं खरं नव्हतंच. माझ्या टीममध्ये एक मैत्रीण होती, ती अक्राची. आम्ही दोघी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा आम्हाला पगार मिळायचा, आणि दोघींनाही ते काम मनापासून आवडायचं. डबा आम्ही एकत्र खायचो. माझी वांग्याची भाजी तिच्या बाजूला सरकायची आणि तिचा टोमॅटोतला तिखट भात माझ्या. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, ते इथे मराठीत लिहिते आहे. बोलण्याचा विषय बहुतेक वेळा अक्रा असायचा. तिथल्या लहान बसचे कंडक्टर दाराला लटकून कसे ओरडतात, ते ती ऑफिसच्या कँटीनमध्ये साग्रसंगीत ओरडून दाखवायची. तिच्या आईचं बाजारात कापडाचं दुकान होतं. त्या बाजारात कुठल्या कोपऱ्यावर मासळीचा वास सुरू होतो, तेसुद्धा मला पाठ झालं होतं.

ठरलं होतं तेव्हा आम्ही तिघं जाणार होतो. ती आम्हाला तिचं शहर दाखवणार होती. पण तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. अमेरिकेत राहायला आणि नोकरी करायला त्याची अडचण नव्हती. मात्र एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत येण्याआधी तिथल्या कॉन्सुलेटमधून नवा शिक्का घ्यावा लागणार, आणि त्या वर्षांत तपासणीच्या नावाखाली माणसं महिनोन्‌महिने अडकून पडत होती. आमच्या ओळखीतला एक जण बहिणीच्या लग्नाला म्हणून हैदराबादला गेला तो तिकडेच राहिला, आणि इकडे त्याची नोकरी गेली. ही धास्ती आम्हा सगळ्यांनाच माहीत होती, फक्त आमची संपली होती आणि तिची नव्हती. ग्रीनकार्ड येईपर्यंत हलू नका, असं तिच्या वकिलाने बजावलं. अमेरिकेत आल्यापासून ती आईला भेटली नव्हती. दर रविवारी ती फोन करायची आणि आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कधी येतेस?

तिने तिकीट कॅन्सल केलं. आम्हीही कॅन्सल करतो म्हटलं, तर तिने माझा दंड धरला.

"तू जा," ती म्हणाली. "माझी बहीण फोनवर सगळं छान आहे म्हणते. दर वेळी सगळं छान. असं कधी असतं का? तू आईला तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला सांग. एवढं एक काम कर."

मी हो म्हटलं. तिने दिलेली बॅग वजनाला आमच्या दोन्ही बॅगांपेक्षा जड होती. क्रीमच्या बाटल्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मऊ तळव्याचे बूट. दुसऱ्याचं सामान वाहून नेण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार, पण इतकी जड बॅग मी आयुष्यात उचलली नव्हती. विमानात बसल्यावर मला एकदम वाटलं, खिडकीजवळची ही जागा तिची आहे. नवरा म्हणाला, "यार, आता एन्जॉय तरी कर ना." मी डोळे मिटून घेतले.

अक्रात बाहेर पडल्यावर अंगावर आलेली हवा माझ्या ओळखीची निघाली. गरम, कोरडी, धुळीची. डिसेंबरात तिकडे वाळवंटावरून वारा येतो आणि सूर्य मळक्या बशीसारखा दिसतो. सिग्नलला गाडी थांबली, की डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया पाण्याच्या पिशव्या विकायला धावत यायच्या. दुकानांना देवाची नावं. कुणीही कुणालाही हाक मारतंय, मोठमोठ्याने हसतंय. "हे तर आपल्या लक्ष्मी रोडसारखं आहे," नवरा म्हणाला. तो पुण्याचा, त्याला जगातला प्रत्येक रस्ता लक्ष्मी रोडसारखाच वाटतो. मला मात्र मैत्रिणीचा आवाज ऐकू येत होता. बसचे कंडक्टर अगदी तस्सेच ओरडत होते. मला खूप मजा येत होती, आणि मजा आली की लगेच ती आठवायची. हे सगळं बघायला जिचा जीव तुटतोय ती सनीव्हेलमध्ये क्युबिकलमध्ये बसली आहे, आणि मी इथे फोटो काढते आहे.

दुसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण आम्हाला घरी न्यायला हॉटेलवर आली. घर बैठं, अंगणात आंब्याचं झाड. व्हरांड्यात खुर्चीवर तिची आई बसली होती, निळ्या-पिवळ्या नक्षीच्या कपड्यात, डोक्याला त्याच कापडाचा फेटा. मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणायला लागले होते. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात, आणि तो पाणी प्यायला की मग रीतसर विचारतात, काय निमित्ताने आलात, काय निरोप आणलात. पाहुण्यानेही रीतसर सांगायचं. आम्ही पाणी प्यायलो. बहिणीनेच आमच्या वतीने सांगितलं, की ही मंडळी अमेरिकेहून आली आहेत, तुमच्या धाकटीच्या ऑफिसातली आहेत. काकू मान हलवत होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत स्पष्ट दिसत होता.

मग मी जे केलं ते काही विचार करून केलं नाही. वडीलधारं माणूस समोर आहे, मैत्रिणीची आई आहे, मी उठले आणि वाकून पायांना हात लावून नमस्कार केला. नागपुरात कुणाच्याही घरी केला असता तसा.

काकू एकदम पुढे झुकल्या. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, केसांवरून, कानांवरून हात फिरवला आणि मैत्रिणीच्या नावाने मला हाक मारली. पुन्हा मारली. पुढे त्यांच्या भाषेत भराभर बोलायला लागल्या. मी तशीच वाकलेली, मान वर करता येईना.

"त्या काय म्हणताहेत?" मी विचारलं.

बहिणीचा चेहरा उतरला होता. "ती तुला माझी बहीण समजते आहे," ती इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाली. "आई बाजारातून दमून आली, की ती आईच्या टाचांना शिया बटर चोळायची. रोज. आमच्याकडे असं कुणी कुणाच्या पायांना हात लावत नाही. तिचाच हात लागायचा."

"मग आता?"

"ती विचारते आहे, तू आलीस का? हो म्हण. प्लीज. ती किती दिवसांनी अशी बोलते आहे."

हो म्हणायचा त्यांचा शब्द तिने मला सांगितला आणि मी तो म्हटला. काकूंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि माझा हात काही सोडला नाही. मी बारीक का झाले, हा पहिला प्रश्न. मला आजवर कुणी बारीक म्हटलेलं नाही, पण मी हसले. त्या आनंदाने डोलत होत्या. शेजारणीला हाक मारून बोलावलं, तिलाही माझा हात दाखवला. शेजारणीने मला नीट बघून घेतलं आणि मग तिनेही मान हलवली. नवरा समोरच्या बाकावर पाण्याचा रिकामा ग्लास धरून बसला होता, त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

नंतर स्वयंपाकघरात बहीण मला म्हणाली, "वर्ष होऊन गेलं. आधी नावं विसरायची, आता माणसं विसरते. धाकटी मात्र तिला पक्की आठवते. तिला हे सांगू नकोस. ती सगळं टाकून इकडे येईल आणि मग तिला परत जाता येणार नाही. या घरात अमेरिकेला पोचलेली ती एकटीच आहे."

हे न सांगणं मला मराठीत ओळखीचं होतं. बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, ते घरी येऊन चालायला लागल्यावर मला कळवण्यात आलं. "तुला उगाच कशाला काळजी, इतक्या लांब?" तेव्हा मी फोनवर थयथयाट केला होता. मी काय परकी आहे का, मला सांगायचं नाही म्हणजे काय. आणि इथे त्या स्वयंपाकघरात उभी राहून मी मुकाट्याने मान डोलावली. त्या बाईसमोर नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

निघताना काकूंनी फर्मान सोडलं, की शनिवारी जेवायला यायचं. माझ्या, म्हणजे मैत्रिणीच्या, आवडीचं करायला लावते म्हणाल्या. मी पुन्हा तोच एक शब्द म्हटला.

टॅक्सीत नवऱ्याने तोंड उघडलं. "अगं, तू हो का म्हणालीस? त्यांच्या डोक्यात आता काय बसेल?"

"मग काय करायला हवं होतं? पासपोर्ट दाखवायचा त्या म्हातारीला?"

"तसं नाही, पण हे बरोबर नाही वाटत."

"तुला काय जातंय बाजूला बसून बोलायला!"

आम्ही हॉटेल येईपर्यंत भांडलो. तो बरोबर बोलत होता म्हणूनच मी एवढी चिडले होते.

तो शनिवार आमचा तिथला शेवटचा दिवस होता. सकाळपासून मी काहीतरी कारण काढत होते. आधी बाजार बघू, मग जुना दीपस्तंभ बघू, मग जाऊ. बाजारात तिच्या आईचं दुकान कुठे असेल ते मला तिने सांगितलेल्या खुणांवरून सापडलंही, आता तिथे दुसरं कुणी बसत होतं. दुपार झाली तशी मी सारखं घड्याळ बघायला लागले. पुन्हा ते हात डोक्यावरून फिरणार, पुन्हा मी लेक होऊन बसणार, तिच्या नावाचं जेवण जेवणार. खरं सांगायचं तर मला जायचं जिवावर आलं. मी बहिणीला फोन केला आणि सांगितलं, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, आज जमणार नाही. ती "काही हरकत नाही" म्हणाली. मागे काकूंचा आवाज येत होता, कुणाला तरी सूचना देत होत्या. अक्राच्या रस्त्यांवर गाड्या अडकलेल्या होत्या हे खरं होतं, फक्त आम्ही त्या रस्त्यावर नव्हतो. आम्ही समुद्रावर होतो. नवरा भाड्याच्या घोड्यावर बसला, मी त्याचे फोटो काढले, आणि आम्ही तळलेली तिखट केळी खाल्ली. केळी फार चविष्ट होती. मला ती गिळवत नव्हती, तरी संपवली.

सोमवारी ऑफिसात मैत्रीण माझ्या आधी येऊन माझ्या खुर्चीत बसली होती. आदल्या दिवशी तिला घरी फोन लागला नव्हता, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंतही तिला दम निघेना.

"कशी आहे?"

"डोळ्यांना कमी दिसतं," मी म्हटलं. "मोतीबिंदू आहे. थोडं विसरतातही. पण तब्येत छान आहे. तुझी सारखी आठवण काढत होत्या."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका शोधणारी माझी मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिने ते मानलं, कारण तिला मानायचं होतं. मी कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. आईच्या फोटोवर ती खूप वेळ थांबली. घोड्यावरचा नवरा बघून खो खो हसली. "बरं झालं तू गेलीस," ती म्हणाली. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं तर ती जाईल, आणि गेली तर अडकेल, आणि तिच्या बहिणीला मी शब्द दिला होता. एवढी सगळी कारणं माझ्या बाजूने होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती. त्या आठवड्यात मी आईला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा विचारलं, "तुम्ही माझ्यापासून काही लपवत नाही ना?" "काहीतरीच काय!" आई म्हणाली. तिचा आवाज मला अगदी त्या बहिणीसारखा वाटला.

पुढच्या सोमवारी मैत्रीण कँटीनमध्ये डबा न उघडता बसली होती.

"काल आईला फोन केला," ती म्हणाली. "तिने विचारलंच नाही, कधी येतेस म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, रागावली असेल. शेवटी मीच म्हटलं, आई, आज विचारलं नाहीस? तर म्हणाली, आता काय विचारायचं, येऊन गेलीस की. माझे पाय धरलेस."

मी डब्याचं झाकण नुसतंच फिरवत राहिले. मग सगळं सांगितलं. नमस्कार, ते हात, बहिणीचं हो म्हण म्हणणं, मी म्हटलेला तो शब्द. बहिणीला दिलेला शब्दही मोडला. ती ऐकत होती. ती ओरडेल, उठून जाईल, काहीतरी करेल, याची मी वाट बघत होते. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"दर रविवारी मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा," ती म्हणाली. "कधी येतेस, कधी येतेस. फोन लावण्याआधी उत्तर तयार ठेवायला लागायचं. आता ती माझी वाट बघत नाही. तिच्या मनात मी येऊन गेले."

"मला माफ कर," मी म्हटलं.

"तू काय करणार होतीस? मीसुद्धा हो म्हटलं असतं." तिने डोळे पुसले. "पण माझ्यावर चिडली आहे ती. म्हणाली, एवढ्या लांबून आलीस, मी सकाळपासून बसून सगळं करून घेतलं आणि तू न जेवता गेलीस. दिवस मावळेपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं म्हणे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? सॉरी म्हटलं. आई, चुकलं माझं म्हटलं. पुढच्या वेळी आले की आधी जेवेन." तिने डबा बाजूला सरकवला. "तेव्हा कुठे ती शांत झाली. तुझ्या आवडीचं केलं होतं म्हणाली. मी विचारलं, काय केलं होतंस गं? तर तिला ते आठवेना. खूप वेळ आठवत बसली."

तिने माझ्याकडे बघितलं. "काय केलं होतं?"

मला माहीत नव्हतं.